तीन कप्प्यांची पोषण-पिशवी : तीन वर्षांच्या घरगुती वापरानंतर

शिरेवाटे पोषण देण्याची तीन कप्प्यांची तयार पिशवी आमच्या घरी आठवड्यातून पाच संध्याकाळी उघडली जाते, आणि गेली तीन वर्षे माझी थोरली बहीण मुख्यतः तिच्याच आधारावर जगते आहे. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकल्यामुळे ताईचे बहुतेक लहान आतडे काढून टाकावे लागले. सुमारे 70 सेंटिमीटर उरले, आणि ते मोठ्या आतड्याच्या शिल्लक भागाला जोडण्यात आले. प्रौढ माणसाचे लहान आतडे कित्येक मीटर लांब असते, आणि 200 सेंटिमीटरपेक्षा कमी उरले की डॉक्टर त्याला आखूड आतडे म्हणतात. ताईसारखी जोडणी असताना साधारण 65 सेंटिमीटरच्या आत लांबी राहिली, तर शिरेवाटे पोषण कायमचे लागण्याची शक्यता फार वाढते. ताई त्या सीमेच्या काठावरच आहे. ती तोंडाने खाते, पण खाल्लेल्यातले फार थोडे तिच्या अंगी लागते. हे परीक्षण मी अशाच एखाद्या रुग्णाला घरी आणणाऱ्या कुटुंबासाठी लिहीत आहे, कारण रुग्णालयातून निघताना आम्हाला पिशवी लावायला शिकवले गेले, परंतु ती कशात कमी पडते हे आम्हाला घरी आल्यावर, आणि तेही ताईच्या अंगावर दिसल्यानंतर कळले.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ज्याचे आतडे चालू आहे पण ज्याला गिळता येत नाही, अशा रुग्णासाठी ही पिशवी नाही. त्याला नाकातून किंवा पोटावरून घातलेल्या नळीने पोषण देता येते, आणि ते अधिक सुरक्षित असते. आतडे वापरता येत असेल तर ते वापरावे, हा नियम सर्वत्र मानला जातो. अशक्तपणा आला म्हणून चार दिवस ‘ताकदीची सलाईन’ लावून घ्यावी अशी ही वस्तू नाही. आतडे उरलेले नाही, बंद पडले आहे किंवा अन्न शोषून घेऊ शकत नाही, तिथेच तिची जागा आहे.

आता पिशवीविषयी. बाहेरच्या जाड वेष्टनात प्राणवायू शोषून घेणारी एक छोटी पुडी असते आणि वेष्टन फाटले असल्यास रंग बदलणारी एक खूण असते. ती खूण पाहिल्याशिवाय वेष्टन कापू नये. आतल्या पिशवीचे तीन कप्पे असतात. एकात ग्लुकोज, दुसऱ्यात ॲमिनो आम्ले आणि क्षार, तिसऱ्यात दुधासारखे पांढरे स्निग्ध मिश्रण. आमच्या पिशवीत सुमारे दीड लिटर द्रव असतो. त्यात 187 ग्रॅम ग्लुकोज, 75 ग्रॅम ॲमिनो आम्ले आणि 56 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, म्हणजे एकूण सुमारे 1600 कॅलरी. हे तिन्ही कारखान्यातच एकत्र करून ठेवले तर मिश्रण फार काळ टिकत नाही. स्निग्ध थेंब एकमेकांना चिकटतात आणि तेल वेगळे होते. कप्पे वेगळे ठेवल्यामुळे पिशवी फ्रिजबाहेर, कपाटात, महिनोन्महिने राहू शकते. ज्या घरात औषधांसाठी स्वतंत्र फ्रिज ठेवता येत नाही, तिथे या एका गुणाचे मोल फार मोठे आहे.

पिशवी वापरायला काढताना ती सपाट पृष्ठभागावर ठेवून वरच्या टोकाकडून घट्ट गुंडाळत आणायची असते, म्हणजे दाबाने कप्प्यांमधल्या कमकुवत शिवणी उघडतात. त्यानंतर पिशवी तीन-चार वेळा उलटीसुलटी केली की सगळे मिश्रण एकसारखे पांढरे होते. सांगताना सोपे वाटते, आणि दहा-बारा वेळा केल्यावर ते खरोखरच सोपे होते. तरीही दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक शिवण अर्धीच उघडली आणि तिच्या कोपऱ्यात पारदर्शक द्रवाचा कप्पा तसाच राहिला. नळी जोडण्यापूर्वी ताईनेच ते पाहिले आणि म्हणाली, “थांब गं, या कोपऱ्यात रंग वेगळा दिसतोय.” तसेच लावले असते, तर तिच्या रक्तात ठरलेल्या मिश्रणाऐवजी भलत्याच प्रमाणातला द्रव गेला असता. तेव्हापासून मी पिशवी दिव्यासमोर धरून दोन्ही शिवणी टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपते. या शिवणी हाताच्या ताकदीवर अवलंबून आहेत, हा रचनेतला दोषच मानावा लागेल. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे किंवा ज्यांचे हात थरथरतात, त्यांना ही पिशवी एकट्याने उघडता येणार नाही.

पण या पिशवीविषयी माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. तिच्याकडे पाहणाऱ्या कोणालाही ती परिपूर्ण वाटते: ग्लुकोज आहे, प्रथिनांचे घटक आहेत, स्निग्ध आहे, क्षार आहेत, आणि ‘संपूर्ण पोषण’ हे शब्द तर रुग्णालयात सतत कानावर पडतात. प्रत्यक्षात तेलांसोबत येणारे ई आणि थोडे के सोडले तर आमच्या पिशवीत एकही जीवनसत्त्व नाही, आणि झिंक सोडले तर सेलेनियम, तांबे, मँगनीज, क्रोमियम, आयोडीन यांपैकी काहीही नाही. आणि जे झिंक आहे ते ज्याचे आतडे शाबूत आहे अशा माणसाच्या गरजेपुरतेच. बाकीची जीवनसत्त्वे साठवणीत नीट टिकत नाहीत, म्हणून ती आधी घालता येत नाहीत, हे कारण योग्यच आहे. ती वेगळ्या छोट्या बाटल्यांतून, पिशवी लावायच्या वेळी, निर्जंतुक पद्धतीने घालायची असतात. म्हणजे ज्याला आपण संपूर्ण समजतो ते प्रत्यक्षात अपुरे असते, आणि ते पुरे करण्याचे काम घरच्या माणसावर येते.

आम्हाला घरी पाठवताना दिलेल्या यादीत जीवनसत्त्वांची बाटली होती, सूक्ष्म खनिजांची नव्हती. कोणाच्या हातून ती राहिली ते आजवर कळलेले नाही, आणि आम्हाला काही राहिले आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता. पाचव्या आठवड्याच्या सुमारास ताईच्या ओठांच्या कडेला आणि नाकपुड्यांभोवती लाल, खपल्या धरणारे चट्टे उठले, मग बोटांच्या बेचक्यांत आले. केस विंचरताना मूठभर हातात येऊ लागले. जे थोडे ती चवीसाठी खात असे, त्याचीही चव लागेनाशी झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम दिले; त्याचा काही उपयोग झाला नाही. महिन्याच्या तपासणीला गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी चट्टे पाहताच विचारले, “ट्रेस एलिमेंट्सची बाटली रोज घालता ना?” मी विचारले, “कोणती बाटली?” ताईच्या रक्तातले झिंक फार कमी निघाले. जुलाबांतून झिंक मोठ्या प्रमाणात वाहून जाते. लहान आतड्यातून वाहून जाणाऱ्या एक लिटर द्रवासोबत सुमारे 12 मिलिग्रॅम जाऊ शकते, तर शिरेवाटे रोजची नेहमीची मात्रा 3 ते 5 मिलिग्रॅमच असते. मात्रा वाढवून दिल्यावर चट्टे काही दिवसांतच सुकू लागले आणि दोन आठवड्यांत ओठांची कड स्वच्छ झाली. केसांना मात्र काही महिने लागले.

हे नंतर मी वाचत गेले तेव्हा लक्षात आले, की या उपचाराच्या इतिहासातले कितीतरी धडे अशा राहून गेलेल्या घटकांनीच दिले आहेत. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातले फॉस्फोलिपिड वापरून शिरेतून सुरक्षितपणे देता येईल असे स्निग्ध मिश्रण तयार केले. त्याच दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची पिल्ले केवळ शिरेवाटे पोषण देऊन वाढवून दाखवली, आणि त्यानंतर आतडे जन्मतःच नीट घडले नव्हते अशा एका तान्ह्या मुलीला याच मार्गाने वाढवले. 1970 च्या सुमारास टोरांटोमध्ये खुर्शीद जीजीभॉय यांनी रुग्णाला हे पोषण घरी घेता येईल अशी व्यवस्था उभी केली. त्याच जीजीभॉय यांच्या गटाने 1977 साली असे दाखवले, की काही वर्षे शिरेवाटे पोषणावर असलेल्या एका रुग्णाची साखर आटोक्याबाहेर गेली होती आणि नसांना इजा झाली होती, त्याचे कारण क्रोमियमचा अभाव हे होते. क्रोमियम दिल्यावर दोन्ही सुधारले. सेलेनियम न मिळाल्याने हृदयाचे स्नायू दुबळे झाल्याच्याही नोंदी आहेत. सर्वांत वेगाने घात करते ते थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. शिरेतून भरपूर ग्लुकोज जात असताना थायमिन मिळाले नाही, तर ते ग्लुकोज नीट जाळले जात नाही, रक्तात लॅक्टिक आम्ल साचते, आणि काही आठवड्यांत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांचा तुटवडा पडला असताना 1990 च्या दशकात अमेरिकेत हे घडलेले आहे. म्हणून पुरवठादाराने “या आठवड्यात जीवनसत्त्वांच्या बाटल्या आल्या नाहीत, पुढच्या वेळी देतो” असे सांगितले, तर ते ऐकून गप्प बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

तयार पिशवीला पर्याय म्हणजे रुग्णागणिक फार्मसीत बनवून दिलेली पिशवी. मध्यंतरी सहा महिने आम्ही तीच वापरली, त्यामुळे तुलना करता येते. त्या पिशवीत जीवनसत्त्वे आणि खनिजे बनवतानाच घातलेली असत, म्हणजे घरी टोचाटोची नव्हती, आणि ताईच्या रक्ततपासणीप्रमाणे सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम दर आठवड्याला कमीजास्त करता येत असे. परंतु ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागे, फार दिवस टिकत नसे, आणि लावण्याआधी एक-दोन तास बाहेर काढून ठेवावी लागे, कारण थंड द्रव शिरेत गेला की ताईला हुडहुडी भरत असे. वीज गेली की माझा जीव टांगणीला लागे. शिवाय हाताने बनवलेल्या मिश्रणात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा एकत्र साका होण्याचा धोका असतो, आणि मिश्रण पांढरे असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही; असा साका फुप्फुसांत अडकून मृत्यू झाल्यावर 1994 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. त्यामुळे कोणतीही पिशवी असो, स्निग्धयुक्त मिश्रणासाठी नळीत 1.2 मायक्रॉनची गाळणी हवीच. तयार पिशवीतले क्षारांचे प्रमाण पारखून ठरवलेले असते, म्हणून ही भीती कमी, मात्र तिच्यातून काही काढून घेता येत नाही. ज्या रुग्णाची मूत्रपिंडे दुबळी आहेत आणि ज्याला पोटॅशियम कमी हवे, त्याला ठरावीक मापाची पिशवी चालेलच असे नाही. ताईची अडचण उलटी आहे. तिला सोडियम आणि मॅग्नेशियम जास्त लागते. ते घालता येते, पण किती घालायचे याची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती ओलांडली तर स्निग्ध मिश्रण फुटते. वर पिवळसर तेलाची रेघ दिसली, की ती पिशवी वापरायची नाही.

वेगाचा हिशेब आम्हाला फार उशिरा समजला, म्हणून थोडा तपशिलात लिहिते. आमच्या पिशवीसाठी ग्लुकोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे तासाला 0.25 ग्रॅम आहे. ताईचे वजन 55 किलो. आम्ही पिशवी संध्याकाळी सातला लावतो आणि सकाळी दहाला काढतो. पहिला आणि शेवटचा तास अर्ध्या वेगाने, आणि मधले तास ताशी सुमारे 105 मिलिलिटर. हा हिशेब केला तर ग्लुकोज किलोमागे ताशी 0.24 ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे पिशवी याहून लवकर संपवायची सोय जवळजवळ नाही. एकदा ताई म्हणाली, “उद्या सकाळी आठलाच बाहेर पडायचंय, जरा भरभर सोड ना.” सोडता येत नाही. लवकर सुटायचे असेल तर लवकर लावायची, एवढाच उपाय आहे. शेवटी वेग कमी करणेही टाळू नये. जोरात चाललेले ग्लुकोज एकदम थांबले, तर इन्सुलिन अजून चढेच असल्यामुळे साखर घसरू शकते.

रात्रभर दीड लिटर द्रव अंगात जातो, तेव्हा ताईला तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. द्रव ठरलेल्या वेगाने सोडणारा पंप पाठीवरच्या सॅकमध्ये बसणारा असल्यामुळे स्टँड ढकलत न्यावा लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. पंपाची बॅटरी चांगली चालते, हवेचा बुडबुडा किंवा नळीची घडी तो अचूक ओळखतो, पण त्याचा इशारा इतका कर्कश आहे की शेजारच्या खोलीतला माणूसही दचकून उठतो. अखंड झोप ताईला आठवड्यातल्या पिशवी नसलेल्या दोनच रात्री मिळते. सुरुवातीला सातही रात्री पिशवी होती. उरलेले आतडे हळूहळू जुळवून घेत गेले, आणि दीड वर्षानंतर दोन रात्री सुटल्या. त्या दोन रात्रींचे मोल आमच्या घराला विचारावे.

पिशवीतला द्रव इतका तीव्र असतो, की त्याची सांद्रता रक्ताच्या पाच-सहा पट भरते, म्हणून हातावरच्या साध्या शिरेत तो देता येत नाही. ती शीर सुजते आणि बंद पडते. तो हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचलेल्या कॅथेटरमधूनच, म्हणजे शरीरात बसवून ठेवलेल्या बारीक नळीतूनच, द्यावा लागतो. खरा धोका याच कॅथेटरमध्ये आहे, आणि त्याबद्दल पिशवीच्या माहितीपत्रकात दोनच ओळी आहेत. ताईला एकदा, दुसऱ्या वर्षी, जंतुसंसर्ग झाला. पिशवी सुरू करून तासही झाला नव्हता, आणि दात वाजतील अशी थंडी भरून ताप चढला. पिशवी सुरू केल्यानंतर लगेच येणारा असा ताप हा कॅथेटरमधल्या संसर्गाचा इशारा धरायचा, पिशवी थांबवायची, आणि ‘सकाळी बघू’ न म्हणता रुग्णालय गाठायचे, हे आम्हाला शिकवलेले होते, आणि त्या रात्री तेच उपयोगी पडले. कॅथेटरमधून आणि हातातून असे दोन्हीकडचे रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, घेतले गेले, प्रतिजैविके सुरू झाली, आणि कॅथेटर वाचला. कुठे चूक झाली असावी ते मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी मी घाईत होते, आणि कॅथेटरची कॅप अल्कोहोलने पंधरा सेकंद घासण्याऐवजी नुसती पुसली होती. आता मी मोजून घासते, वाळू देते, आणि त्या वेळी कोणाशी बोलत नाही. पिशवी काढल्यानंतर कॅथेटरमध्ये टॉरोलिडिन भरून ठेवतो. जंतू वाढू नयेत म्हणून ते वापरतात, आणि त्यानंतर आम्हाला संसर्ग झालेला नाही.

यकृताची काळजी दीर्घकाळ घ्यावी लागते. केवळ सोयाबीन तेलाचे मिश्रण जास्त प्रमाणात आणि सतत दिले, तर यकृताला त्रास होण्याचा धोका वाढतो. आमच्या पिशवीत सोयाबीनबरोबर ऑलिव्ह, मासळीचे तेल आणि मध्यम साखळीचे मेदही आहेत, आणि ताईची यकृताची तपासणी आजवर ठीक आहे. मासळी, अंडे किंवा सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ही पिशवी सुरू करण्याआधीच सांगायला हवे. सुरुवातीच्या दिवसांत, रुग्ण फार खंगलेला असेल, तर पूर्ण पिशवी लगेच देऊ नये. उपाशी शरीराला एकदम पोषण मिळाले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरते. हे काम रुग्णालयातच, रोजच्या रक्ततपासणीसह व्हायला हवे.

पिशवी पोहोचवणाऱ्या सेवेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. माणसे वेळेवर येतात आणि सामान मोजून देतात. उन्हाळ्यात पिशव्या तापलेल्या गाडीत किती वेळ होत्या हे विचारल्यावर उत्तर मिळत नाही, ही एक उणीव. साठवणीची मर्यादा 25 अंश सेल्सिअस असताना हा प्रश्न विचारण्याचा हक्क ग्राहकाला असायला हवा.

एकंदरीत ही पिशवी मी पाचपैकी चार गुणांची मानते. ताईचे वजन तीन वर्षांत 41 किलोवरून 55 वर आले, ती जिना चढते, पुन्हा शिकवायला जाते. एक गुण कापला आहे तो शिवणींसाठी नाही, रात्रीच्या जागरणांसाठीही नाही. उत्पादकांनी पिशवीच्या दर्शनी भागावर, कॅलरींच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, ‘जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे वेगळी घालावीत’ असे छापावे, आणि खाली ती घातल्याची वेळ लिहिण्यासाठी दोन रिकामे चौकोन ठेवावेत. तोवर आम्ही ते घरीच करतो. ताई रविवारी बसून आठवड्याच्या पाच चिठ्ठ्या लिहिते आणि पाचही पिशव्यांच्या वेष्टनांवर चिकटवते. मी बाटल्या घातल्यावर त्या चिठ्ठीवर वेळ टाकते, आणि तिने ती वाचल्याखेरीज नळीचा क्लॅम्प उघडत नाही.